समुद्री टँकचं पाणी जमत नाहीये: केएच, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम तिन्ही खाली. जाणकारांनी प्रकाश टाकावा

निळाई (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

मंडळी, नमस्कार. इथे गच्चीवरच्या टोमॅटोपासून जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरपर्यंत सगळ्याचे जाणकार सापडतात, म्हणून हा जरा आडवळणाचा धागा काढतेय.

दोन वर्षांपासून घरी प्रवाळांचा टँक आहे. वर ७५ गॅलनचा काचेचा टँक, खाली कपाटात संप, म्हणजे उपकरणं ठेवायची जोड-टाकी. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण २८० लिटर. मासे चारच. खरा पसारा प्रवाळांचा: दोन हॅमर, एक फेव्हिया, झोआंचा गालिचा आणि एक गुलाबी बर्ड्सनेस्ट. सगळे इथल्या हौशी लोकांकडून घेतलेले फ्रॅग, म्हणजे त्यांच्याच टँकमध्ये वाढलेल्या वसाहतींचे तुकडे.

गेल्या दीड महिन्यापासून हॅमर नीट उघडत नाही. दुपारपर्यंत मुठी आवळून बसतो. बर्ड्सनेस्टचा रंग उडालाय. काचेवर गुलाबी कोरलाइन शेवाळ यायचं तेही थांबलंय. कालचे आकडे:

लवणता ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग (रिफ्रॅक्टोमीटरवर; प्रकाश किती वाकतो त्यावरून मीठ मोजतो तो)
केएच, म्हणजे अल्कलिनिटी, ६.१ डीकेएच (तिचं एकक)
कॅल्शिअम ३५५ पीपीएम (दशलक्षात भाग)
मॅग्नेशिअम ११०० पीपीएम
नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०६
पीएच सकाळी ७.८, रात्री ८.०
तापमान २५.५

केएचसाठी खायचा सोडा ओव्हनमध्ये भाजून वापरते. ६३० ग्रॅम सोडा २०० अंश सेल्सिअसवर तासभर भाजायचा आणि ४ लिटर आरओडीआय (गाळून शुद्ध केलेल्या) पाण्यात विरघळवायचा. डोसिंग पंपाने दिवसाला २० मिलीवरून सुरुवात केली, वाढवत वाढवत आता ४५ वर आलेय. केएच ढिम्म हलत नाही. कॅल्शिअम क्लोराइडही चालू आहे. मध्ये वैतागून एकदा दोन्ही द्रावणं हातानेच संपमध्ये ओतली, एकामागोमाग एक, एकाच कोपऱ्यात. दहा मिनिटांत संपमध्ये दूध. हीटरवर पांढरं किटण बसलं ते अजून निघत नाहीये.

मॅग्नेशिअमची बाटली मागवावी का? आणि किती?

ह्यूस्टनकर

स्वागत आहे आमच्या कर्जबाजारी पंथात!

मॅग्नेशिअम ११०० म्हणजे खूपच कमी. तिथेच गोम आहे. मॅग्नेशिअम कमी असेल तर केएच आणि कॅल्शिअम धरून ठेवता येत नाही, दोघं एकमेकांना धरून खाली बसतात. कॅल्शिअम कार्बोनेटचा स्फटिक वाढायला लागला की मॅग्नेशिअम त्याच्या पृष्ठभागावर चिकटून त्याची वाढ रोखतं. ते कमी पडलं की हीटरवर, पंपावर किटण. डोळे मिटून मॅग्नेशिअम १३५० वर न्या, बाकी दोन आपोआप वर येतील. जोडीला आयोडीन, स्ट्रॉन्शिअम आणि ट्रेस एलिमेंट चालू करा. माझ्या कपाटात सात बाटल्या आहेत, रोज सकाळी चहाआधी त्यांची पूजा.

झोपाळू (न्यू जर्सी)

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे फक्त एक गोल्डफिश आहे पण वाचायला मजा येतेय.

वाचनमात्र_काकू (नाशिक)

निळाई, हे पोवळं का गं? मंगळासाठी घालतात ते? आणि तुझी क्षारता तर ३५ लिहिली आहेस, मग कमी कशी?

निळाई

काकू, पोवळं म्हणजे भूमध्य समुद्रातलं लाल प्रवाळ. ते खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढतं, माझ्या दिव्यांखाली जगायचं नाही. आणि ३५ ही लवणता, म्हणजे मिठाचं प्रमाण. कमी आहे ती अल्कलिनिटी. त्याला मराठीत काय म्हणतात हे मलाही सांगता येत नाहीये, दोन्हीला क्षारताच म्हणतात बहुतेक :(

उकळबिंदू (पुणे)

मी ३४ वर्षे रसायनशास्त्र शिकवले, आता फक्त नातवंडांना शिकवतो. हा घोळ जुना आहे. पाठ्यपुस्तकात 'क्षार' म्हणजे सॉल्ट. आयुर्वेदात आणि जुन्या बोलीत 'क्षार' म्हणजे राखेतला अल्कली. त्यामुळे क्षारता म्हटले की निम्मा वर्ग एकीकडे, निम्मा दुसरीकडे. इथे 'लवणता' आणि 'अल्कता' असे दोन शब्द वापरू या.

अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे असते, थोडी बोरेटमुळे. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शिअम कार्बोनेटचा बांधतो, म्हणजे कॅल्शिअम आणि कार्बोनेट तो ठरावीक जोडीनेच उचलतो. हिशेब असा: अल्कता १ डीकेएचने उतरली की कॅल्शिअम साधारण ७ पीपीएमने उतरते. समुद्रात कॅल्शिअमचा साठा ४१० ते ४२० चा, अल्कतेचा मात्र जेमतेम ७ डीकेएच. साठा लहान तिथे खड्डा आधी दिसतो. दोन दिवस डोस चुकला तर कॅल्शिअम ४१५ चे ४०८ होईल, कुणाला कळणारही नाही. अल्कता ७ ची ६ झालेली प्रवाळाला लगेच कळते.

आता या हिशेबाने निळाईताईंचे आकडे पाहा. कॅल्शिअम ४१५ वरून ३५५ वर, म्हणजे ६० पीपीएम खाली. हे सगळे सांगाड्यात गेले असते तर सोबत साधारण साडेआठ डीकेएच खर्च व्हायला हवी होती. सोडा जास्त पडला म्हणून अल्कता टिकली म्हणावे, तर तीही खालीच. कुठेतरी काहीतरी जुळत नाही. विचार करतो.

चिंबोरी (मालवण)

इकडे किल्ल्याजवळ बुडी मारली की हे सगळं फुकट बघायला मिळतं. पाणी गढूळ नसेल तर.

झोपाळू

@चिंबोरी, मग पुढच्या सुट्टीत एखादा दगड आणता येईल का हो? लहानसा?

चिंबोरी

अजिबात नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मेलेला तुकडा खिशात सापडला तरी केस होते. आम्ही पर्यटकांना बोटीत बसायच्या आधीच सांगतो, तरी एखादा पिशवी घेऊन येतोच.

कोळंबीवाला (पालघर)

ताई, मी टँकवाला नाही. आमचे खाडीकाठी कोळंबीचे तलाव आहेत, व्हॅनामेई जातीची करतो. पण पाण्याचा हिशेब रोजचा आहे म्हणून बोलतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे पाण्याचा रिपोर्ट आला की आम्ही आकडा नंतर बघतो, आधी प्रमाण बघतो. कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, पोटॅशिअम १:३:१. समुद्राचं पाणी असंच असतं. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी करणारे लोक तर याच्यावरच जगतात. त्या पाण्यात पोटॅशिअम फार कमी असतं, कोळंबी कात टाकताना मरते, मग पोती ओतावी लागतात.

तुमचं कॅल्शिअम ३५५, मॅग्नेशिअम ११००. भागाकार करा, ३.१ येतो. म्हणजे प्रमाण एकदम समुद्राचं आहे. काहीच बिघडलेलं नाही. मॅग्नेशिअम एकटं कमी असतं तर भागाकार अडीच वगैरे आला असता. दोन्ही सारखेच उतरलेत. ४१५ चे ३५५ आणि १२९० चे ११००, दोन्ही साधारण पंधरा टक्के खाली.

पाणी पातळ आहे, ताई. आमटीत पाणी जास्त झालंय. मसाला कशाला वाढवताय?

निळाई

पण रिफ्रॅक्टोमीटर ३५ दाखवतोय ना. तीनदा बघितलं.

कोळंबीवाला

त्यावर शुद्ध पाण्याचा थेंब टाका, आरओडीआयचा. पाच मिनिटं थांबा, काच आणि थेंब एका तापमानाला येऊ द्या. मग काय दिसतं ते सांगा. आमच्याकडे एका सुपरवायझरने वर्षभर बिघडलेल्या मीटरवर तलाव चालवला होता. तो सुपरवायझर मीच.

निळाई

काय बोलू. रेष ४ वर आहे. आरओडीआय पाण्यावर ४.

डब्यावर 'कारखान्यातच कॅलिब्रेट केलेले' असं लिहिलं होतं म्हणून दोन वर्षांत त्या स्क्रूला हात लावला नव्हता. मधल्या काळात घर बदललं, एकदा तो गॅरेजच्या फरशीवर पडला होता हेही आत्ता आठवतंय. म्हणजे सुरुवातीपासून पाणी पातळच बनवत आले का मी?

ह्यूस्टनकर

अर्रर्र. मी माझा मॅग्नेशिअमचा सल्ला मागे घेतो. स्फटिकाचं शास्त्र बरोबर होतं, रोगी चुकीचा होता :)

पण थांबा, नुसता शून्यावर आणून सोडू नका. आपल्या हौशी लोकांकडचे बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही. प्रकाश दोन्हींत वेगळा वाकतो. अशा मीटरवर खरं ३५ चं समुद्रपाणी ३६.५ दिसतं. म्हणून शुद्ध पाण्याने शून्य न जुळवता ३५ च्या प्रमाण द्रावणानेच जुळवायचं. आपल्याला मोजायचंय ३५ च्या आसपास, शून्य कुणाला हवंय?

बाटली मागवायची नसेल तर घरी करता येतं: ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. हे द्रावण प्रकाश अगदी ३५ पीपीटी समुद्रपाण्याइतकाच वाकवतं. थेंब टाका आणि स्क्रू फिरवून रेष ३५ वर आणा. किचनचा काटा चालेल, फक्त आधी एखाद्या नव्या नाण्याने तपासून घ्या. अमेरिकेचं ५ सेंटचं नाणं बरोबर ५ ग्रॅमचं असतं.

निळाई

केलं. पाच नाणी ठेवली, काट्याने २५ दाखवले. मीठ-पाणी मोजून स्क्रू फिरवला.

टँकचं खरं माप: २९.५ आणि ३० च्या मध्ये.

म्हणजे मीटर ४ जास्त दाखवत होता, वर मिठाच्या आखणीचा दीड. नवरा म्हणाला, "आठ हजार मैलांवरून कोळंबीवाल्याने भागाकार करून सांगितलं, आणि तू दीड महिना बाटल्यांची लेबलं वाचत होतीस."

उकळबिंदू

उत्तम! मला हे सुचायला हवे होते. समुद्र कुठलाही असो, पाणी कमी खारट असो वा जास्त, मुख्य घटकांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच राहते. १८१९ मध्ये मार्सेट या रसायनशास्त्रज्ञाने हे सुचवले होते. पुढे चॅलेंजर हे संशोधन जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरले, त्यावरून आणलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण दित्मार यांनी केले आणि १८८४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. मी हे दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. कोळंबीवाले, तुम्ही ते तलावात वापरता. नमस्कार स्वीकारा.

आता घाईने मीठ ओतू नका. २८० लिटरला सव्वापाच पीपीटी वाढवायचे म्हणजे दीड किलो मीठ लागेल, पण ते एका दिवसात नाही. प्रवाळांचे पेशीद्रव आजूबाजूच्या पाण्याशी जुळवून घेतात, त्यांना वेळ द्या. रोज वाफेने किती पाणी जाते?

निळाई

साधारण ४ लिटर. ऑटो टॉप-अप आरओडीआय भरतं.

उकळबिंदू

मग सोपे आहे. काही दिवस टॉप-अपच्या बादलीत शुद्ध पाण्याऐवजी ३५ चे मीठपाणी भरा. ४ लिटर गुणिले ३५, रोज १४० ग्रॅम मीठ आत जाईल. २८० लिटरमध्ये अर्धा पीपीटी. अकरा दिवस लागतील. याच पाण्याबरोबर कॅल्शिअम रोज ६ पीपीएम आणि मॅग्नेशिअम १८ ते १९ पीपीएम वाढेल. अकराव्या दिवशी दोन्ही जागेवर. मॅग्नेशिअमची बाटली दुकानातच राहू द्या.

अल्कतेचे कोडे मात्र शिल्लक आहे. तुमच्या द्रावणात दर मिलीला १.८७ मिलिइक्विव्हॅलंट (अल्कता मोजायचे एकक) आहे. ४५ मिली म्हणजे ८४. २८० लिटरमध्ये ती ०.८४ डीकेएच झाली. रोज एवढी पडत असेल तर हॅमर आणि बर्ड्सनेस्ट राक्षसी वेगाने वाढत असायला हवेत, आणि तुम्ही म्हणता ते मरगळले आहेत. मग सोडा जातो कुठे?

कोळंबीवाला

सर, आधी विचारा सोडा येतो का.

ताई, पंपाची नळी काढून मोजपात्रात सोडा. ४५ मिली सांगा आणि किती पडतं ते बघा. द्रावणावरच बघा, साध्या पाण्यावर नको. आणि नळीचं टोक टँकमध्ये आहे तेवढ्याच उंचीवर धरा.

निळाई

तीनदा केलं. २८, २८, २७.

पेरिस्टाल्टिक पंप आहे, म्हणजे रोलरने नळी दाबत द्रावण पुढे ढकलणारा. आतली मऊ नळी दोन वर्षांपूर्वीची. बाहेर काढली तर रोलरखाली चपटीच झालीय, मेथीच्या काडीसारखी. टोकाला सोड्याचा पांढरा खडाही बसला होता.

उकळबिंदू

२८ मिली म्हणजे ०.५२ डीकेएच. तुमचा टँक रोज तेवढेच खातो. म्हणून ६.१ वर ढिम्म. हिशेब जुळला, आता दुपारची झोप लागेल.

ह्यूस्टनकर

नवी नळी घातली की ४५ वरचा आकडा आधी खाली आणा हं! नाहीतर उद्यापासून खरोखर ०.८४ पडायला लागेल. मी हेच केलं होतं. नळी बदलली, आकडा तसाच ठेवला, आणि आठवड्याभरात केएच ८ वरून ११ वर. माझ्याकडे तेव्हा नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य. पाण्यात खाऊ नाही आणि केएच चढलेली, अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाची टोकं जळल्यासारखी पांढरी पडली. कातडी मागे सरकून सांगाडा उघडा. अजून फोटो बघवत नाही.

तुम्हाला ६.१ वरून साडेसातला जायचंय, तर दिवसाला पाव डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. आणि केएच ८ ठेवायची का ९ का ७, यावर लोक तलवारी काढतात. ७ ते ९ मध्ये कुठेही घर करा, पण रोज घर बदलू नका. बाटल्यांबद्दल एवढंच, की सातपैकी आयोडीन आणि स्ट्रॉन्शिअमचं माप मी कधीच घेतलेलं नाही. हा धागा वाचून आत्ताच जाणवलं.

कोळंबीवाला

न मोजता घालायचं नाही. आमच्याकडे औषधवाले बाइकवरून येतात, प्रत्येकाच्या बॅगेत मिनरल मिक्स. तलावापेक्षा त्यांच्याच तब्येती सुधारतात.

वाचनमात्र_काकू

मला एक सांगा. कॅल्शिअमच द्यायचं तर चुना का नाही देत? आमच्या सासूबाई पोरांना चुन्याची निवळी द्यायच्या, दात येताना. मडक्यात चुना भिजवायचा, वर साय धरते ती बाजूला करायची आणि मधलं नितळ पाणी चमच्याने घ्यायचं. घरात मेलं एवढं कॅल्शिअम असताना अमेरिकेत बाटल्या?

ह्यूस्टनकर

काकू!! 🙏 हेच करतात. जर्मन लोक त्याला काल्कवासर म्हणतात, म्हणजे शब्दशः चुन्याचं पाणी. आम्ही ते पन्नास डॉलरला विकत घेतो.

उकळबिंदू

काकूंनी मर्मावर बोट ठेवले. निवळीची गंमत अशी की तिच्यात कॅल्शिअम आणि अल्कता प्रवाळाला लागते त्याच जोडीने असतात. सोड्याची एक बाटली आणि क्लोराइडची दुसरी, अशा दोन बाटल्यांत एक पुढे एक मागे होऊ शकते, चुन्यात ते शक्यच नाही. शिवाय क्लोराइड-सोड्यातून शेवटी पाण्यात मीठ साठते, चुन्यातून साठत नाही. संपृक्त निवळीचा पीएच सव्वाबाराच्या वर असतो, त्यामुळे टँकचा पीएचही उचलला जातो. तुमचा सकाळचा ७.८ आहे, म्हणजे घर बंद, माणसांचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो आहे. खिडकी उघडून बघा, सोडा न घालता ८ च्या वर जाईल.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायचो, ती दुधाळ व्हायची, आठवते? तुमच्या संपमध्ये त्या दिवशी झाले ते त्याचेच भावंड. कॅल्शिअम आणि कार्बोनेट दाट अवस्थेत समोरासमोर आले की खडू होतो. म्हणून दोन्ही डोस वेगवेगळ्या ठिकाणी, वाहत्या पाण्यात, आणि निदान अर्ध्या तासाच्या अंतराने द्यावेत. हीटरवरचे किटण व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, निघेल.

मात्रा: रोज अर्धी डीकेएच हवी, म्हणजे २८० लिटरला ५० मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे १.८५ ग्रॅम चुना. ४ लिटर टॉप-अपमध्ये लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम. पण हे लवणता जागेवर आल्यावर, शुद्ध पाण्याच्या टॉप-अपमध्ये. मीठपाण्यात चुना कालवाल तर बादलीतच खडू.

निळाई

पानाच्या डबीतला चुना चालेल का? आईने दिलेली डबी आहे, आजीची आठवण म्हणून.

उकळबिंदू

डबी आठवणीसाठीच ठेवा. पानाच्या चुन्यात काय काय मिसळतात ते सांगता येत नाही, आणि उघडा राहिला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा हळूहळू खडू होतो. तुमच्याकडे किराणा दुकानात लोणच्यासाठी खाण्याचा चुना मिळतो, तो घ्या. डबा घट्ट बंद ठेवा आणि ढवळताना तोंडा-नाकावर फडके. डोळ्यात गेला तर थट्टा नाही.

झोपाळू

'आमटीत पाणी जास्त झालंय' हे फ्रेम करून लावण्यासारखं आहे. +१

निळाई

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला.

लवणता ३५. कॅल्शिअम ४१५, मॅग्नेशिअम १२९०. मॅग्नेशिअमचा एक थेंब न घालता! केएच ७.६, गेले सहा दिवस ७.५ ते ७.७ मध्ये. रोज रात्री नऊला मोजते, एकाच वेळी. त्याआधी दोन दिवस डोस बंद ठेवून खर्चही मोजला: ७.६, ७.१, ६.६. रोजची अर्धी, बरोबर.

हॅमर परवा सकाळी दहालाच उघडला होता. टोकांवरचे ते हिरवट पिवळे नांगर पाण्यात डोलत होते. बर्ड्सनेस्ट अजून फिकाच आहे, पण एका फांदीच्या टोकाला मोहरीएवढा नवा पांढुरका कोंब दिसतोय. जळालेलं टोक नाही ना, म्हणून भिंगाने पाहिलं. त्यावर बारीक पॉलिप आहेत. पांढरा म्हणून घाबरले होते, पण कातडी आहे.

आता पुढचा प्रश्न. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला येतेय. चुना टॉप-अपमध्ये सुरू करून जाऊ का? शेजारची मुलगी मासे बघायला येईल, पण तिला रसायनं हाताळायला द्यायची नाहीत.

ह्यूस्टनकर

जाताना नवीन काही सुरू करायचं नाही, हा माझा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरून परत आल्यानंतरचा नियम. टॉप-अपचा फ्लोट अडकला आणि बादलीभर चुना एकदम आत गेला तर पीएच ९ च्या पुढे जाईल आणि तुम्ही लक्ष्मी रोडवर असाल.

कोळंबीवाला

बरोबर. ताई, चुना सुरू करायचा तर आत्ताच करा, म्हणजे निघायच्या आधी दोन-अडीच महिने सवय होईल. नाहीतर परत आल्यावर. तोपर्यंत सोड्याचा पंप बरा, तो घसरला तर हळू घसरतो.

जाताना दोन्ही बाटल्यांवर आजच्या पातळीला पेनाने रेघ मारा, तारीख लिहा. खाली दर आठवड्याला कुठपर्यंत उतरायला हवं तिथे पण रेघ. दिवसाला २८ मिली म्हणजे आठवड्याला १९६. मुलीला सांगा, काही घालू नको, फक्त रविवारी बाटलीचा फोटो पाठव. रेघेच्या खाली किंवा वर गेलं तर पंप बिघडला, तिला स्विच बंद करायला सांगा. बंद राहिलं तर आठवडाभर काही मरत नाही. जास्त पडलं तर मरतं.

नळी नवीन घालून, मोजून मगच निघा. आणि तो रिफ्रॅक्टोमीटर परत पाडू नका. आज पुनवेचं उधाण आहे, भरतीला तलावाचा पंप लावायला निघतो. तुमच्या ४ लिटरवर आमचं भागत नाही.

वाचनमात्र_काकू

पुण्याला येतेस तर नाशिकला पण ये. निवळी कशी धरतात ते दाखवते.